तीस माणसांचा नाताळ: पहिल्यांदाच यजमानपदाची पाळी आलेल्या वसईकर घरासाठी

सगळ्या भावंडांचं नाताळाचं जेवण पूर्वी आपसूक आजीच्या घरी व्हायचं. आता घरं वेगळी झाली. कोणी पापडीला, कोणी माणिकपूरच्या इमारतीत, कोणी मिरा रोडला. त्यामुळे बऱ्याच कुटुंबांत पाळी ठरलेली असते. ज्या घरावर ती पहिल्यांदा येते, त्याच्यासाठी हे टिपण. हिशेब तीस माणसांचा धरला आहे: बावीस मोठी, आठ मुलं. माणसं कमी-जास्त असतील तर आकडे त्या प्रमाणात बदला, पण क्रम बदलू नका. तारांबळ उडते ती क्रम चुकल्यामुळेच.

सामवेदी कुपारी, वाडवळ, ईस्ट इंडियन, कोळी, प्रत्येक समाजात पदार्थांची नावं आणि मसाले थोडे वेगळे. घरातल्या मोठ्यांना विचारून फेरफार करा, त्यात काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सगळ्यांसमोर ठरवून टाका. २४ तारखेच्या रात्री घरातलं प्रत्येक माणूस मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीला) जाईल आणि २५ला प्रत्येक माणूस जेवायला बसेल, स्वयंपाक करणाऱ्या बायकांसकट. हे आधी ठरलं नाही की एखादी सून मिस्सा सोडून मटणापाशी उभी राहते, आणि ते तिला पुढे कित्येक वर्षं बोचत राहतं. खालची प्रत्येक पायरी हे टाळण्यासाठी आहे.

आमंत्रण, झोपायची सोय आणि पैसे

आगमनकाळ (नाताळाच्या तयारीचा काळ) २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये येणाऱ्या रविवारी सुरू होतो. त्या पहिल्या आठवड्यातच आमंत्रणं द्या. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेलं आमंत्रण धाकट्यांना चालतं. आत्या, मोठे काका, मामी यांना फोन तरी करावा, जवळ असतील तर घरी जावं. कुटुंबात जमिनीच्या वाटणीवरून अबोला असेल तर तिथे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने जाऊन बोलवावं, आणि त्या भेटीत वाटणीचा विषय अजिबात काढू नये. नुसतं "जेवायला या, सगळे येतायत" एवढंच.

नव्या जोडप्याला विचारून घ्या, २५ला सासरी की माहेरी. लग्नानंतरचा पहिला नाताळ असेल तर दोन्हीकडून ओढ असते. २५ला दुपारी एकीकडे आणि २६ला दुसरीकडे, असं तेव्हाच ठरलं की कोणाचं मन दुखत नाही.

एक साधी वही घाला. तिच्यात चार गोष्टी लिहा: कोण येणार, कोण रात्री राहणार, कोण काय आणणार, कोणी किती पैसे दिले. राहणाऱ्यांचा आकडा महत्त्वाचा. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर स्टेशनला जायला रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका. पाच-सहा माणसं जास्तीची झोपतील असं धरून गाद्या आणि जाड चादरी शेजारून आधीच मागून ठेवा. डिसेंबरात वाडीतल्या घरात पहाटे चांगलाच गारवा असतो.

पैसे माणशी काढण्यापेक्षा घरटी काढा, आणि मटण-पोर्कचा खर्च वेगळा धरा, कारण निम्मा खर्च तिथेच जातो. जे घर अडचणीत आहे त्याच्याकडे काम सोपवा, पैसे मागू नका. गॅसचा जादा सिलिंडर पहिल्या आठवड्यातच बुक करा. तळण, सोरपोतेल (व्हिनेगरमधलं पोर्क) आणि तीस माणसांचा भात मिळून बराच गॅस लागतो, आणि २४च्या संध्याकाळी सिलिंडर संपला तर कोणीही काही करू शकत नाही.

तारा

दिवाळीचा आकाशकंदील आणि नाताळाचा तारा आपल्याकडे एकाच कामट्यांतून होतात. विकतचा घ्यायला हरकत नाही, पण घरात मुलं असतील तर एक तारा घरी करावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

बांबूच्या २४ इंचांच्या १० सारख्या कामट्या घ्या. पाच कामट्यांचा पाच टोकांचा तारा मांडा, टोकं एकावर एक अर्धा इंच घेऊन सुतळीने आवळा. प्रत्येक कामटी मध्ये दोन कामट्यांना छेदते, टोकापासून साधारण ९ इंचांवर. तिथे एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून न्या. सगळ्या एकाच बाजूला ठेवल्या तर तारा पिळवटतो आणि पुढे कागद ताणून बसत नाही. तसाच दुसरा तारा करा. दोन्ही समोरासमोर धरून फक्त पाच टोकं एकमेकांना बांधा. मग मधल्या पाच छेदांवर, दोन ताऱ्यांच्या मध्ये, ५ इंचांच्या पाच आडकाड्या बसवा. कामट्या वाकतात आणि तारा फुगतो. आडकाड्या सारख्या लांबीच्या नसतील तर तारा एका बाजूने कुबडा दिसतो, म्हणून आधी कापून एकमेकींना लावून बघा.

पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवा. मागची एक पाकळी उघडी ठेवा, दिवा तिथून आत जातो. दिवा एलईडीचाच, ५ ते ७ वॅटचा; जुना पिवळा बल्ब कागदाला टेकला तर कागद पेटतो. वसईत पहाटे दव पडतं आणि पतंगाचा कागद ढिला होऊन लोंबतो. तारा उघड्यावर टांगणार असाल तर जिलेटिन कागद वापरा, नाहीतर पागोळीच्या आत टांगा.

गोठा

येशूजन्माच्या या देखाव्याला ३ फूट बाय २ फूट जागा पुरते. कोपरा असा निवडा जिथून माणसांची ये-जा नाही पण दारातून दिसतं. भात झोडून उरलेला पेंढा वाडीत मिळतो. तो एक दिवस उन्हात घाला, नाहीतर आठवड्यात कुबट वास येतो.

हिरवळीसाठी गहू किंवा नाचणी पेरायची. १४ किंवा १५ डिसेंबरला मूठभर गहू रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून मोड आणा, मग दोन इंच मातीच्या पसरट ट्रेमध्ये दाटीने पसरून वरून मातीचा पातळ थर द्या. रोज पाणी नुसतं शिंपडा. २४ला चार-पाच इंचांचं कोवळं शेत तयार असतं. उत्साहाने १ तारखेला पेरलं तर नाताळापर्यंत ते पिवळं पडून आडवं होतं. फार अंधाऱ्या खोलीत ठेवलं तरी रोपं लांबुडकी होऊन कलतात, म्हणून शेवटचे तीन दिवस ट्रे खिडकीत ठेवा.

मांडणीला एक शिस्त आहे. मरिया, योसेफ, गाय, गाढव आणि मेंढपाळ आधी येतात. गव्हाणी २४च्या रात्रीपर्यंत रिकामी राहते. बाळ येशूची मूर्ती मिस्सेहून परतल्यावर घरातल्या सगळ्यात लहान चालत्या-बोलत्या मुलाच्या हातून ठेवायची. तीन राजे गोठ्यापासून लांब, अगदी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवायचे; ते ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला पोहोचतात. मुलांना हे सरकवणं फार आवडतं, आणि ख्रिस्तजन्माची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. पेंढ्याजवळ मेणबत्ती किंवा पणती लावू नका. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, वेगळ्या टेबलावर असू द्या.

कुलकुलची संध्याकाळ

१६ ते १८ डिसेंबरच्या मधली एक संध्याकाळ फक्त कुलकुल (शंखासारखा वळून तळलेला गोड खाऊ) करण्यासाठी राखा आणि जितकी माणसं येऊ शकतील तितकी बोलवा. मेळाव्याची खरी सुरुवात इथेच होते. २५ला सगळे कपडे जपत बसलेले असतात. कुलकुल वळताना हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी असतात. ज्या पुतण्याला चुलत आजीचं नाव माहीत नसतं, तो तिच्या शेजारी बसून तासभर काटा चालवतो. वेळ नाही म्हणून कुलकुल विकत आणणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की बाकी काहीही विकत आणा, हे घरी करा.

प्रमाण: मैदा २ किलो, बारीक रवा ४०० ग्रॅम, पिठीसाखर ५०० ग्रॅम, अंडी ८, पातळ केलेलं तूप २०० ग्रॅम, दोन नारळांचं जाड दूध (साधारण अर्धा लिटर), मीठ दोन छोटे चमचे. आधी मैदा, रवा आणि मीठ तुपाने चोळून घ्या. मूठ वळली की वळलेली राहिली पाहिजे. मग साखर, फेटलेली अंडी, आणि शेवटी नारळाचं दूध थोडं थोडं घाला. पीठ पुरीच्या पिठापेक्षा किंचित सैल, चपातीच्या पिठापेक्षा घट्ट हवं. साखर पाघळली की पीठ आपोआप सैल होतं, म्हणून सगळं दूध एकदम ओतू नका. ओल्या फडक्याखाली पाऊण तास ठेवा.

आता वळणं. पिठाची गोटीएवढी गोळी घ्या. काट्याच्या उलट्या बाजूला तेलाचं बोट फिरवा, गोळी त्यावर ठेवून अंगठ्याने दाताच्या टोकांकडे दाबत चपटी करा, आणि मग तीच पट्टी टोकाकडून स्वतःकडे गुंडाळत आणा. शंखासारखी वळी होते, अंगावर रेघा उठतात. शेवटची कड बोटाने चेपून बंद करा. नवा, धुतलेला केसांचा कंगवा घेतला तर रेघा बारीक येतात. या प्रमाणात सातशेच्या आसपास कुलकुल होतात. दहा माणसं असतील तर माणशी सत्तर, म्हणजे गप्पा मारत दीड तास. वळलेले ताटात एकावर एक टाकू नका, एकमेकांना चिकटतात. सुती फडक्यावर पसरून ठेवा.

तेलात एक टाकून बघा: तो तळाशी जाऊन, मनात पाच-सहा मोजेपर्यंत, हळूहळू वर आला की आच बरोबर. कढईत एका वेळी इतकेच घाला की निम्मं तेल दिसत राहील. पाच-सहा मिनिटांत बदामी होतात.

तळताना काय बिघडलं ते बघून कारण ओळखता येतं. रेघा तेलात मिटल्या तर पीठ सैल झालं होतं. उरलेल्यात मूठभर मैदा मळा. कुलकुल उलगडले तर कड नीट चेपलेली नाही. बाहेरून लाल आणि दुसऱ्या दिवशी मऊ, म्हणजे आच मोठी होती आणि आत ओल राहिली. ते पुन्हा मंद आचेवर काढा, सुधारतात. दगडासारखे झाले तर तुपाचं मोहन कमी पडलं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेनेच ते सादळतात. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस सहज टिकतात.

यातलं अर्धा किलो मैद्याचं पीठ अंड्याशिवाय, वेगळं भिजवा आणि ताज्या तेलात सगळ्यांत आधी तळा. शेजारच्या हिंदू घरांत मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात, आणि ते बहुतेक डिसेंबरातच येतात. काही घरं तर अंडं कधीच खात नाहीत. त्यांच्या ताटात काय जातं याची खात्री आपल्यालाच द्यायची असते, म्हणून डब्यावर चिठ्ठी लावा.

बाकीचा फराळ आणि ताटं

नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण ओल्या खोबऱ्याचं असेल तर त्या चार दिवसांपुढे टिकत नाहीत, म्हणून २२लाच करा. सुकं खोबरं, तीळ आणि भाजलेल्या रव्याच्या सारणाच्या आठवडाभर आधी केल्या तरी चालतात. मार्झिपान आणि पेरूची वडी दोन आठवडे आधी होऊ शकते. केकसाठी मनुका, बेदाणे, खजूर, चेरी आणि संत्र्याची साल नोव्हेंबरातच रममध्ये भिजवतात, अर्धा किलोला साधारण पाव लिटर. रम नको असेल तर संत्र्याच्या रसात एकच रात्र, तीही फ्रिजमध्ये. घालण्याआधी फळं निथळून थोड्या मैद्यात घोळवा, नाहीतर सगळी तळाशी बसतात. ओव्हन लहान असेल तर केक बेकरीत भाजून घ्या किंवा बहिणीकडे सोपवा. आगाशी भागातली सुकेळी (सुकवलेली केळी) मिळाली तर अवश्य घ्या. राजेळी केळ्यांची सुकेळी करणारी घरं आता फार थोडी उरली आहेत, आणि वसईच्या ताटात तिची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही.

ताटं किती पाठवायची त्याची यादी वहीत करा. दर ताटाला पाव किलो ते ३०० ग्रॅम फराळ लागतो, म्हणजे वीस घरांना पाच-सहा किलो. वर विणलेला रुमाल. पोचवायला मुलांना धाडा, २४च्या दुपारी.

ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं आहे तिथे बहुधा फराळ होत नाही, ताराही लागत नाही. त्या घरी पहिलं ताट न्या, आणि ते मुलांबरोबर न पाठवता मोठ्या माणसाने न्यावं, दहा मिनिटं बसावं. ते कुटुंब तुमच्याच नात्यातलं असेल तर २५च्या जेवणाला त्यांना पुन्हा एकदा, वेगळं बोलवा. यायचं की नाही हे त्यांच्यावर सोडा.

सोरपोतेल, २२ तारखेला

सोरपोतेल केल्या दिवशी कच्चं लागतं. शिरका (व्हिनेगर) मांसात मुरायला दोन दिवस लागतात, म्हणून ते २२ला करायचं आणि २५ला वाढायचं. यामुळेच २५ची सकाळ मोकळी मिळते.

तीस माणसांना दुसरं मटण असताना चरबी-कातडीसकट पोर्क ३ किलो आणि काळीज अर्धा किलो पुरतं. मांसाचे मोठे तुकडे मीठ घालून अर्धा तास उकडा, काळीज वेगळं दहा मिनिटं. पाणी फेकू नका. पूर्ण गार करा आणि मग एक सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे करा. गरम मांस सुरीखाली फाटतं, गार सरळ कापलं जातं. हेच सगळ्यांत वेळखाऊ काम, दोन माणसं आणि दोन धारदार सुऱ्या लागतात. तुकडे त्यांच्याच चरबीत, थोडे थोडे करून परता. काळीज शेवटी आणि हलक्या हाताने, त्याचा चुरा होतो.

मसाला: काश्मिरी मिरच्या ४०, मिरी एक मोठा चमचा, जिरं दोन छोटे चमचे, लवंगा १५, दालचिनी चार इंच, हळद दोन छोटे चमचे, लसणाचे दोन मोठे गड्डे, आलं तीन इंच. हे सगळं शिरक्यात वाटायचं, पाण्याचा थेंब नको. पाण्याने वाटलेला मसाला टिकत नाही. माडाचा शिरका सौम्य असतो आणि बाटलीतलं पांढरं व्हिनेगर झणझणीत, म्हणून आधी २०० मिलीत वाटा आणि उरलेलं १०० मिली तिसऱ्या दिवशी चव बघून घाला. सहा कांदे बारीक चिरून लाल करा, मसाला तेल सुटेपर्यंत परता, मांस आणि लिटरभर उकडलेलं पाणी घालून मंद आचेवर ४० मिनिटं शिजू द्या.

भांडं स्टीलचं, मातीचं किंवा इनॅमलचं. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ शिरक्याने खातं, आणि पदार्थाला धातूचा वास येतो. गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. २३ आणि २४ला एकदा बाहेर काढून दहा मिनिटं खळखळून उकळा आणि पुन्हा ठेवा. दिवसभर ओट्यावर राहू देऊ नका. पूर्वी आजी तसं करायच्या, पण तेव्हा शिरकाही बराच जास्त असायचा.

दुसरा पदार्थ बाटली मसाल्यातलं मटण किंवा कोंबडी, ४ किलो. किलोला तीन सपाट मोठे चमचे मसाला. हा मसाला उन्हाळ्यात करून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, उजेड लागला की त्याचा रंग आणि वास उडतो. घरात नसेल तर ज्या काकूकडे असेल तिच्याकडून अर्धी बाटली आधीच मागा. भाजीसाठी वालाच्या शेंगा आणि वांगी, डिसेंबरात वसईच्या वाडीत दोन्ही ताजी असतात. भात अडीच किलो.

२४ डिसेंबर

प्रायश्चित्त संस्काराचे (पापकबुलीचे) दिवस चर्चमध्ये आधीच्या आठवड्यात ठरतात. ते २४वर ढकलू नका, रांग लांब असते. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना घरी कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) हवं असेल तर पॅरिशमध्ये (आपल्या चर्चमध्ये) आठ दिवस आधी नाव द्या. मिस्सेची वेळ सूचना फलकावर वाचा. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे पुष्कळ ठिकाणी "मध्यरात्रीची" मिस्सा बरीच आधी सुरू होते, आणि बाराच्या हिशेबाने निघालेले लोक अर्ध्या मिस्सेत पोहोचतात.

दुपारी मटणाला मसाला आणि मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवा. कांदा चिरून, नारळ खवून, तांदूळ मोजून, सगळं डब्यात. संध्याकाळी सहानंतर ओट्यावर फक्त रात्रीचं साधं जेवण असावं: मऊ भात, आमटी, भाजलेलं सुकट. कम्युनियनच्या आधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही घ्यायचं नसतं, त्या हिशेबाने जेवण उरका. लहान मुलांना जेवल्यावर तासभर झोपवा.

मिस्सा चर्चच्या पटांगणात, उघड्यावर असते. म्हाताऱ्यांना शाल आणि टोपी, मुलांना स्वेटर. पहिल्या रांगेत बसवायचं असेल तर कोणीतरी पाऊण तास आधी जाऊन जागा धरा. परतल्यावर बाळ येशू गव्हाणीत, एक नाताळगीत, लहानशी प्रार्थना, केक आणि कॉफी. दोन वाजता दिवे बंद. जागरण लांबलं तर सकाळचं पीठ उशिरा भिजतं.

फुगे

फुग्यांशिवाय, म्हणजे फुगवलेल्या मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांशिवाय, सोरपोतेल अपुरं. २ किलो मैद्याचे १४०च्या वर होतात, माणशी चार आणि थोडे वर. मैदा २ किलो, अंडी ६, दोन नारळांचं दूध ८०० मिली, कोमट पाणी ३०० ते ४०० मिली, साखर १५० ग्रॅम, मीठ चार छोटे चमचे, पातळ तूप ५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १८ ग्रॅम. पूर्वी पीठ ताडीने फुगवत. ताजी ताडी मिळाली तर ते पीठ रात्रीच भिजवा आणि पाणी कमी करा.

एक वाजता जेवायचं असेल तर साडेनऊला पीठ तयार हवं. नारळाचं दूध बोटाला कोमट लागेल इतपतच. चटका बसला तर यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट बघा, पीठ हलत नाही. सगळं एकत्र करून हाताने दहा मिनिटं फेटा, तळापासून वर उचलून आपटत. सुरुवातीला पीठ बोटांना चिकटून लोंबतं. झालं की ते भांड्याची कड सोडायला लागतं आणि आत हवेचे बुडबुडे फुटल्याचा आवाज येतो. भांडं दुप्पट उंचीचं घ्या. ओलं फडकं टाकून शेगडीजवळ उबेत अडीच तास.

फुगलं की पुन्हा ढवळू नका, सगळी हवा जाते. कडेकडेने घेत चला. डावा हात मिठाच्या पाण्यात बुडवा, मूठभर पीठ घ्या आणि मूठ आवळा. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो. उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तो कापून कढईच्या कडेने तेलात सोडा. तेल चार इंच खोल हवं. तेवढं असलं की फुगा एका बाजूने भाजल्यावर स्वतःच कलंडतो. उथळ तेलात तो तळाला टेकतो आणि एका अंगाने पांढरा राहतो.

शेपट्या फुटत असतील तर पीठ पातळ आहे, दोन मुठी मैदा हलक्या हाताने मिसळून पंधरा मिनिटं ठेवा. आत कच्चे राहत असतील तर आच कमी करा आणि गोळा लहान घ्या. आंबूस वास येऊन तेल पीत असतील तर पीठ जास्त आंबलंय. उरलेलं ताबडतोब तळून टाका.

एका कढईला दोन माणसं, एक सोडणारा आणि एक काढणारा. दहाचा घाणा साडेतीन मिनिटांत निघतो, त्यामुळे एका कढईवर जवळपास तास लागतो आणि दोन कढयांवर अर्धा. दोन कढया लावा आणि काढायला पुरुषांना उभं करा. सव्वाबाराला सुरुवात, पावणेएकला शेवटचा घाणा.

२५ डिसेंबर

मटण दहा वाजता चढवा, भात साडेअकराला, सोरपोतेल बाराला गरम करायला. अंडं न खाणाऱ्या पाहुण्यांसाठी भाजी, वरण आणि बाजारचे पाव वेगळ्या टेबलावर, वेगळ्या डावांसकट. पाव बेकरीतून बिनअंड्याचे आहेत ना, विचारून घ्या.

जेवणाआधी सगळे गोठ्यापाशी जमा. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने प्रार्थना सांगावी, वर्षभरात गेलेल्यांची नावं घ्यावीत, मग धाकट्यांनी वाकून आशीर्वाद घ्यावा. याला वीस मिनिटं धरा. हे घाईत उरकू नका, अन्न झाकलेलं राहतं.

तीस माणसं एका वेळी बसत नसतील तर पहिल्या पंगतीत म्हातारे, मुलं आणि कालपासून राबलेल्या बायका बसतील. दुसऱ्या पंगतीला घरचे पुरुष. वाढायला पहिल्या पंगतीत तरुण मुलगे आणि जावई. हा क्रम यजमानाने स्वतः मोठ्याने सांगावा, नाहीतर सवयीने बायका उठून वाढायला लागतात.

मुलांच्या भेटवस्तू जेवणानंतर. मोठ्यांसाठी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच भेट द्यायची पद्धत बरी, खर्चाची मर्यादा आधी ठरवून. दुपारी एक माणूस भांड्यांना, एक उरलेल्या अन्नाला. मटण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. जाणाऱ्या प्रत्येक घराला डबा भरून द्या, आणि डबे आधीच गोळा करून ठेवा.

नंतर

२६ला मागून आणलेली पातेली, गाद्या आणि कढया परत करा, रिकामं भांडं न देता त्यात थोडा फराळ घालून. वहीत काय उरलं आणि काय कमी पडलं ते त्याच दिवशी लिहा, कारण जानेवारीत आठवत नाही. ती वही पुढच्या पाळीच्या घराला द्यायची.

गोठा राजे पोहोचेपर्यंत राहू द्या. काढताना गव्हाचं शेत वाडीतल्या गाईला घाला. मूर्ती एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळा, आणि बाळ येशूला वेगळ्या लहान डबीत, वर नाव लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मरिया-योसेफ सापडतात, पण बोटभर उंचीची ती मूर्ती पेंढ्याबरोबर केरात गेल्याचं २४च्या रात्री लक्षात येतं.